पॅकिंगचं कूळ आणि इंजिनाची गळती

गाडी काढल्यावर फरशीवर राहिलेला काळा डाग पाहून मालक विचारतो, खर्च किती येईल? मेकॅनिक खाली वाकतो आणि वेगळंच विचारतो: कुठलं पॅकिंग गेलंय? टॅपेट कव्हरचं, चेंबरचं, हेडचं, की ऑइल सील? इंग्रजी पुस्तकात ज्याला गॅस्केट म्हणतात त्याला आपल्या गॅरेजात सरसकट पॅकिंग म्हणतात. पण ही पॅकिंगं एका घराण्यातली नाहीत. एकाचा मूळपुरुष जहाजावरची दोरी, दुसऱ्याचा चामड्याचा वॉशर, तिसऱ्याचा झाडाची साल, आणि एकाचा तर खाणीतून काढलेला तंतूंचा दगड. ज्याचं जे कूळ, तसा त्याचा स्वभाव. ते का गळतं, किती आवळायचं, घरी त्याला हात लावायचा की नाही, हे सगळं त्या स्वभावावर ठरतं. पान्याला हात घालण्याआधी हे कूळ ठाऊक असलं, तर मॅन्युअलमधले निम्मे नियम पाठ करावे लागत नाहीत.

पॅकिंगची गरज पडते कारण लोखंड कधीच सपाट नसतं. डोळ्याला आरशासारखा दिसणारा पृष्ठभागही जवळून पाहिला तर खाचाखळग्यांचा असतो. असे दोन पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले की ते टेकतात फक्त उंचवट्यांवर. बाकी सगळी फट. गरम तेल पातळ होतं आणि त्या फटीतून वाट काढतं. म्हणजे उपाय दोनच. पृष्ठभाग तरी इतका सपाट करायचा की फट उरू नये, नाहीतर फटीत काहीतरी मऊ कोंबायचं. तीनशे वर्षं इंजिनवाले या दोन उपायांमध्ये हेलकावे खात आले आहेत.

टॉमस न्यूकमेनने १७१२ साली इंग्लंडात डडलीजवळच्या कोळशाच्या खाणीवर वाफेचं इंजिन बसवलं. त्याचं सिलिंडर २१ इंच व्यासाचं होतं. तेव्हाच्या कारागिरीत ते आतून नीट गोल होणं शक्यच नव्हतं. त्यामुळे पिस्टनच्या कडेला चामडं लावलं आणि वरून पाण्याचा थर सोडला. पिस्टन वरखाली होई तेव्हा पाणी फट बुजवी. सिलिंडर वरून उघडंच होतं आणि दर फेरीला थंडही केलं जाई, म्हणून पाणी चालून गेलं.

जेम्स वॉटची पंचाईत इथेच झाली. त्याच्या इंजिनाची सगळी बचत सिलिंडर सतत तापलेलं ठेवण्यात होती. वाफ थंड करायची ती वेगळ्या भांड्यात. या कल्पनेचं पेटंट त्याने १७६९ साली घेतलं. पण तापलेल्या सिलिंडरात पाण्याचा थर ठेवणार कसा? वॉटने बूच घालून पाहिलं, तेलात भिजवलेल्या चिंध्या घालून पाहिल्या, तागाचे पेळू, कागद, हाताला येईल ते कोंबून पाहिलं. वाफ सुटतच राहिली. कल्पना तयार, पेटंट खिशात, आणि एका फटीपायी इंजिन वर्षानुवर्षं बाजारात येईना. शोधांच्या इतिहासात आपण डोक्यात लख्ख पडलेल्या उजेडाच्या गोष्टी सांगतो. ही वर्षं मात्र चिंध्या कोंबण्यात गेली, आणि मला ती जास्त खरी वाटतात.

सुटका केली तोफा बनवणाऱ्याने. जॉन विल्किन्सनने तोफेची नळी पोखरण्याच्या यंत्राचं पेटंट १७७४ साली घेतलं होतं. तीच पद्धत थोडी बदलून त्याने वॉटसाठी सिलिंडरं पोखरून दिली. ५० इंची सिलिंडरात जुन्या शिलिंग नाण्याच्या जाडीइतकाही फरक नाही, असं वॉटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन अभिमानाने लिहून गेला. आजचा इंजिनवाला एवढा फरक ऐकून डोक्याला हात लावेल. पण उरलेल्या फटीत आता चरबी चोपडलेली दोरी पुरू लागली. १७७६ मध्ये वॉटची इंजिनं खाणींवर आणि भट्ट्यांवर धडधडू लागली.

ही दोरी हेंपची, म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडाच्या वाखाची, वेणीसारखी विणलेली. गुंडाळलेलं शीड आडव्या काठीला बांधायच्या दोरीला खलाशी गॅस्केट म्हणत. पिस्टनभोवती आवळायच्या दोरीला तेच नाव चिकटलं. पिस्टनचा दांडा सिलिंडरच्या झाकणातून जिथे बाहेर येई, तिथेही एक डबी करून तिच्यात हीच दोरी ठासून भरत आणि वरून दट्ट्या आवळत. १८५० च्या दशकात जॉन रॅम्सबॉटमने चिरलेल्या लोखंडी कड्या काढल्या, तेव्हा पिस्टनवरून दोरी उतरली. आज ज्यांना आपण पिस्टन रिंगा म्हणतो, त्या याच. दांड्याभोवतीच्या डबीतली दोरी मात्र टिकली. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे धावलेल्या पहिल्या गाडीच्या वाफेच्या इंजिनांना तिच्यावाचून गत्यंतर नव्हतं. १८५६ पासून चालू झालेल्या कावसजी दावर यांच्या मुंबईतल्या पहिल्या कापडगिरणीच्या इंजिनालाही नव्हतं.

आणि दोरी गेलेली नाहीच. विहिरीवरच्या पंपातून शाफ्टच्या बाजूने पाणी उडायला लागलं की शेतकरी तालुक्याच्या दुकानातून जी ग्लँड दोरी आणतो, ती वॉटच्या दोरीची थेट वंशज. आता तिला चरबीऐवजी ग्रॅफाइट फासलेलं असतं. तिचा एक नियम शेतकऱ्याला कोणी शिकवावा लागत नाही: ग्लँडमधून, म्हणजे दोरीच्या त्या डबीतून, थेंब थेंब पाणी पडलंच पाहिजे. पूर्ण बंद होईपर्यंत आवळली, तर दोरी जळते आणि शाफ्टला खाच पडते.

मोटारीच्या इंजिनातही दोरी शिरली. क्रँकशाफ्ट मागच्या बाजूने गिअरबॉक्सकडे जिथे निघतो, तिथे जुन्या अनेक इंजिनांत ग्रॅफाइट लावलेली दोरी अर्ध्या अर्ध्या वाटीत दाबलेली असे. काही इंजिनांत तीही नव्हती. आपल्या अँबॅसॅडरमध्ये दीर्घकाळ जे १४८९ सीसीचं इंजिन होतं, ते बीएमसीच्या बी-मालिकेतलं. त्याच्या क्रँकच्या मागच्या टोकाला पॅकिंग नसून उलट्या आट्यांची चूड कापलेली असे. शाफ्ट फिरला की चूड तेल मागे चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात, ढकली. गाडी उभी राहिली की ढकलणारं कोणी नाही, मग थेंब पडे. कित्येक मालकांनी त्या थेंबापायी सील बदलायला गाड्या गॅरेजात नेल्या असतील. बदलायला तिथे सीलच नव्हतं. तो दोष नव्हे, रचनाच तशी होती.

चामड्याचं घराणं वेगळं. १७९५ साली जोसेफ ब्रामाने पाण्याच्या दाबावर चालणारा प्रेस काढला. त्याचा दट्ट्या जितका जोर लावी तितकं पाणी कडेने निसटे. त्यावर चामड्याची वाटी बसवायची युक्ती त्याच्याच कारखान्यातल्या हेन्री मॉडस्लेची मानतात. वाटीचं तोंड दाबाच्या बाजूला. दाब वाढला की वाटीच्या कडा आपोआप फाकतात आणि भिंतीला घट्ट चिकटतात. इथे पहिल्यांदा गळतीच्या दाबालाच गळती थांबवायच्या कामाला लावलं. ही वाटी आपल्या गावात कोणी पाहिली नाही असं होणार नाही. सोलापूर पंपावरून १९७० च्या दशकात जो इंडिया मार्क टू हातपंप घडवला गेला, त्याच्या नळकांड्यातही चामड्याचे वाटीसारखे वॉशरच होते. हापशाला कितीही हापसलं आणि पाणी आलं नाही, की वॉशर गेला म्हणायचं.

मोटारीत ही वाटी उभी राहिली ती फिरत्या शाफ्टभोवती. शिकागोतल्या चामड्याच्या पट्ट्यांच्या कारखान्याने ती केली, जर्मनीत वाइनहाइम गावच्या फ्रॉइडेनबर्ग या चामडं कमावणाऱ्या घराण्यानेही केली. १९२९ ची मंदी आली, बुटांच्या चामड्याला गिऱ्हाईक राहिलं नाही, तेव्हा फ्रॉइडेनबर्गनी मोटारीसाठी चामड्याच्या सिलांकडे मोहरा वळवला. त्यांच्याकडच्या वॉल्टर सिमर नावाच्या ऑस्ट्रियन इंजिनिअरने १९३२ मध्ये चामड्याची ओठासारखी कड लोखंडी कडीत बसवली, आणि कड शाफ्टला टेकून राहावी म्हणून भोवती बारीक स्प्रिंग घातली. जर्मन गॅरेजात ऑइल सिलाला आजही सिमररिंग म्हणतात. १९३६ पासून चामड्याच्या जागी कृत्रिम रबर आलं, बाकी रचना तीच.

ऑइल सील हातात घेऊन पाहा. एका बाजूला सपाट लोखंड, दुसऱ्या बाजूला स्प्रिंग दिसते. स्प्रिंगची बाजू नेहमी तेलाकडे. हे मॅन्युअल सांगतं, पण कारण सांगत नाही. कारण ब्रामाच्या वाटीत आहे: तोंड दाबाकडे. सील बसवताना ओठाला तेलाचं बोट लावायचं, कारण पहिल्या काही फेऱ्यांत तो कोरडा घासला तर तिथेच संपला. आणि शाफ्टवर जुन्या सिलाने वर्षानुवर्षं घासून खाच पाडली असेल, तर नवं सील त्याच खाचेत बसतं आणि गळतं. ते किंचित आत किंवा बाहेर ठोकायचं, म्हणजे ओठाला न झिजलेली जागा मिळते. पण हे ऐकून लगेच जॅक लावू नका. क्रँकच्या पुढच्या सिलासाठी पुष्कळ गाड्यांत टायमिंग बेल्ट उतरवावा लागतो. तो एक दात इकडेतिकडे बसला तर इंजिन बिघडतं, काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. मागच्या सिलासाठी गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. सील स्वस्त असतं, मजुरी महाग पडते, आणि ती रास्त आहे.

घरी हात घालायला सगळ्यात चांगली जागा इंजिनाच्या डोक्यावरची: टॅपेट कव्हर. तिथे एकेकाळी बूच राज्य करत होतं. बूच म्हणजे भूमध्यसागराच्या पश्चिमेकडच्या एका ओकच्या झाडाची साल. पोर्तुगाल त्याचं मुख्य माहेर. झाड न तोडता दर नऊएक वर्षांनी ती सोलतात. सालीच्या पेशीपेशीत हवा भरलेली असते, त्यामुळे बूच दाबलं की आतल्या आत दबतं, कडेला पसरत नाही. पातळ पत्र्याच्या झाकणाखाली, वेड्यावाकड्या कडेला, हलक्या हाताने आवळायला याच्यासारखं काही नव्हतं. त्याचा शत्रू उष्णता. वर्षानुवर्षं तापून ते सुकतं, आक्रसतं, बिस्किटासारखं तुटतं. मग तेल झिरपतं आणि एग्झॉस्टवर पडून जळका वास येतो. मालक आणखी आवळतो. पत्र्याचं झाकण बोल्टपाशी खोलगट होतं, दोन बोल्टांच्या मधे उचललं जातं, आणि गळती दुप्पट होते. आवळण्याने जितक्या गळत्या थांबल्या असतील त्याहून जास्त सुरू झाल्या आहेत, असं माझं ठाम मत आहे.

नव्या गाड्यांत बुचाची जागा रबराने घेतली. पण हेही सहज झालं नाही. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधक घालून रबर टिकाऊ केलं आणि १८४४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, तरी झाडाचं रबर खनिज तेलात फुगून मऊ होतं. मोटारीच्या तेलाशी त्याचं जमेना. १९३० च्या दशकात जर्मनीत नायट्राइल रबर तयार झालं तेव्हा तेलाशी गाठ पडली, आणि १९५७ मध्ये अमेरिकेत व्हायटॉन आलं तेव्हा तापलेल्या तेलाशी. मधल्या काळात, १९३९ मध्ये, अमेरिकेत स्थायिक झालेल्या नील्स क्रिस्टेन्सन या मूळच्या डेन्मार्कच्या म्हाताऱ्याला ओ-रिंगचं पेटंट मिळालं. सत्तरी उलटलेल्या या माणसाला कळलेली गोष्ट अशी: नुसती गोल कडी महत्त्वाची नाही, ती ज्या खोबणीत बसते तिची लांबीरुंदी महत्त्वाची. रबर बुचासारखं आतल्या आत दबत नाही. एका बाजूने दाबलं तर ते दुसरीकडे सरकतंच, त्याला सरकायला जागा हवी. म्हणून रबरी पॅकिंग खोबणीत असतं आणि बोल्टाला खाली टेकायला लोखंडी खांदा असतो. तिथे बोल्ट टेकला की थांबायचं. पुढे जोर लावला तर पॅकिंगवर दाब वाढत नाही, ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे मात्र निघतात. आणि आटे गेले की लेथवाला.

टॅपेट कव्हरचं काम करायचं, तर आधी इंजिन पूर्ण गार होऊ द्या आणि भोवतालचा चिकटा रॉकेल नाहीतर डीग्रीजर लावून साफ करा. हे स्वच्छतेपायी नाही. तेल खाली वाहतं, वारा ते मागे उडवतो, त्यामुळे थेंब जिथे पडतो तिथे गळती नसते. साफ केलेलं इंजिन थोडं चालवून जिथे पहिल्यांदा, सगळ्यात वर ओलं दिसेल ती खरी जागा. चेंबर गळतंय म्हणून चेंबर उतरवलेल्या गाड्यांत कितीतरींची गळती वरच्या कव्हरची असते.

मग पॅकिंगला दोष देण्याआधी इंजिनाचा श्वास तपासा. पिस्टन रिंगांच्या कडेने थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. पूर्वी तो एका नळीने सरळ रस्त्यावर सोडत. १९६१ पासून कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या गाड्यांत तो परत इंजिनाने ओढून जाळायची सोय आली, पुढे ती जगभर झाली. ती नळी किंवा तिच्यातला छोटा व्हॉल्व्ह काजळीने तुंबला, की आतला दाब वाढतो आणि तेल जिथे कमजोर जागा मिळेल तिथून बाहेर पडतं. नवं पॅकिंगही अशा इंजिनात लवकरच ओलं होतं. ही ब्रीदरची नळी काढून फुंकून पाहायला पैसा लागत नाही.

कव्हर काढल्यावर जुनं रबर खोबणीतून सबंध उपटा, कडा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा. स्क्रूड्रायव्हरने नाही, कारण ॲल्युमिनियमवर एक ओरखडा म्हणजे तेलाला नवी नाली. दोन्ही पृष्ठभाग कोरडे ठणठणीत पुसा. नवं पॅकिंग खोबणीत दाबून बसवा आणि बोल्ट हाताने लागतील तितके सगळे लावून घ्या. मग मधून बाहेरच्या बाजूला, आलटूनपालटून, दोनतीन खेपांत आवळा. टॉर्क रिंच भाड्यानेही मिळतो. नसेल तर लहान पाना मनगटाने फिरवा, खांद्याने नाही.

ऑइल फिल्टरची रबरी कडीही याच कुळातली. तिला तेलाचं बोट लावायचं आणि हातानेच आवळायचं. एक गोष्ट मात्र न चुकता पाहायची: जुनी कडी जुन्या फिल्टरबरोबर निघाली की इंजिनालाच चिकटून राहिली? दोन कड्या एकावर एक बसल्या, तर तेलाच्या दाबाने वरची कडी बाहेर फेकली जाते आणि काही मिनिटांत चेंबर रिकामं. ड्रेन प्लगचा तांब्याचा वॉशर तर घरीच नवा करता येतो. लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवला की तांबं पुन्हा मऊ पडतं.

आता ट्यूबमधलं पॅकिंग. गॅरेजात अजूनही ‘शेलॅक लाव’ असं म्हणतात, आणि शेलॅक म्हणजे लाखच. पळस, कुसुम, बोरीच्या फांद्यांवर किड्यांनी केलेली, झारखंड-छत्तीसगडच्या आणि आपल्या विदर्भाच्या जंगलातली. स्पिरिटमध्ये विरघळवून ती अमेरिकेतल्या गॅरेजांपर्यंत पोहोचली. पुढे तिच्या जागी सिलिकॉन आलं. हवेतल्या ओलाव्याने ते घट्ट होतं. त्याच्या अगदी उलट स्वभावाचं द्रव्य १९५३ मध्ये अमेरिकेतल्या ट्रिनिटी कॉलेजातले रसायनाचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी काढलं. हवा असेपर्यंत ते पातळ राहतं, दोन धातूंच्या मधे हवा तुटली की गोठतं. पुढे त्याला लॉकटाइट नाव मिळालं. म्हणून रुंद फटीला सिलिकॉन, आणि यंत्रावर घासून सपाट केलेल्या जाड धातूंना हे दुसरं. एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

पुष्कळ नव्या गाड्यांच्या चेंबरला पॅकिंग नसतंच, फक्त सिलिकॉनची रेघ असते. ही रेघ दोनतीन मिलिमीटरची पुरते. आपल्याकडे ती टूथपेस्टसारखी ओतायची पद्धत आहे. जादाचं सिलिकॉन जितकं बाहेर दिसतं तितकंच आतही दाबलं जातं. तिथे तुटून ते तेलात पडतं आणि तेलपंपाच्या जाळीवर बसतं. गळती थांबते, पण तेलाचा दाब जातो. त्यापेक्षा गळती परवडली. आणि चेंबरसाठी गाडीखाली शिरणार असाल तर स्टँड घ्या. विटांवर आणि नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये.

राहिलं हेड पॅकिंग. पहिल्या काळातल्या अनेक इंजिनांना ते नव्हतंच, कारण सिलिंडर आणि हेड एकसंध ओतलेलं असे. बेंटलीने १९२० च्या दशकातही तेच धरून ठेवलं. पॅकिंगच नाही तर फुटणार काय! पण व्हॉल्व्ह घासायचे तर अख्खा ब्लॉक उतरवावा लागे. हेन्री फोर्डने १९०८ च्या मॉडेल टीमध्ये हेड सुटं केलं, आणि शेतकऱ्याला आपल्या गोठ्यात ते उघडून काजळी काढता येऊ लागली. घरी इंजिन उघडायची चाल या सुट्या हेडमुळे पडली. त्याची किंमत म्हणजे मधलं पॅकिंग. एका बाजूला जळता वायू, वातावरणाच्या दाबाच्या पन्नासेक पट जोराने, शेजारी पाणी, शेजारी तेल. दोरी, चामडं, बूच, रबर, कोणाचीच तिथे टाप नव्हती. तांब्याच्या दोन पत्र्यांमध्ये ॲस्बेस्टॉस घालून ते पॅकिंग झालं.

ॲस्बेस्टॉस हा दगड, पण कापसासारखा पिंजता येणारा, आणि न जळणारा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला ऑस्ट्रियात रिचर्ड क्लिंगरने तो रबरात मिसळून रुळांखाली दाबला आणि ताव काढले. त्या तावांवरून हवं तसं पॅकिंग कापता येऊ लागलं. आपल्याकडे मेकॅनिक ताव भागावर धरून कडेकडेने हातोडीने ठोकत आणि पॅकिंग अचूक कापलं जाई. बघण्यासारखी कारागिरी होती ती. पण ठोकताना आणि खरवडताना उडणारी धूळ नाकात जाई.

इंग्लंडातल्या रॉचडेलमध्ये ॲस्बेस्टॉस कातणारी नेली केर्शॉ १९२४ साली ३३ व्या वर्षी वारली. विल्यम कुक या डॉक्टरने तिच्या फुप्फुसांत ते तंतू पाहिले आणि लिहून प्रसिद्ध केलं. १९३१ मध्ये ब्रिटनने कारखान्यांसाठी नियम केले. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या खाणींच्या परिसरात फुप्फुसाच्या आवरणाच्या कॅन्सरचा ॲस्बेस्टॉसशी संबंध दाखवला गेला. तरी पॅकिंगातून हा दगड निघायला आणखी कैक दशकं लागली. ब्रिटनने सर्व प्रकारांवर बंदी घातली १९९९ मध्ये, युरोपीय संघाने २००५ पासून, अमेरिकेने पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर थेट २०२४ मध्ये. पर्याय नव्हता असं म्हणायची सोय नाही. पर्याय महाग होता, एवढंच.

आता हेड पॅकिंग म्हणजे पातळ स्टीलच्या पत्र्यांची चळत, वर रबराचा मुलामा. गरज तशीच आली होती. हेड ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा झाला की तापल्यावर हेड जवळजवळ दुप्पट पसरतं. ४० सेंटिमीटर लांबीचं हेड आणि तेवढाच ब्लॉक ८० अंशांनी तापले, तर दोघांच्या वाढीत एक तृतीयांश मिलिमीटरहून जास्त फरक पडतो. दर वेळी गाडी चालू-बंद करताना पॅकिंग इतकं घासलं जातं. स्टील ते सोसतं. पण स्टील मऊ नाही, खाचाखळगे भरून काढत नाही, त्यामुळे त्याला हेड सपाट लागतं: मॅन्युअलं साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटरपर्यंतचाच बाक चालवून घेतात. शिलिंगच्या जाडीवर खूश होणाऱ्या बोल्टनपासून इथवर आपण आलो, आणि फट दोरीने भरायच्या उपायाकडून पृष्ठभाग सपाट करायच्या उपायाकडे सरकलो. सपाटपणा मात्र घरच्या पान्याने मिळत नाही. गरम झालेल्या इंजिनाचं हेड लेथवाल्याकडे फेसिंगला द्यावंच लागतं. बोल्टही टॉर्कनंतर ठराविक अंश फिरवून आवळायचे असतात आणि पुष्कळ गाड्यांत एकदाच वापरायचे असतात. म्हणून माझा निकाल असा: टॅपेट कव्हर, फिल्टर, ड्रेन प्लग घरी, चेंबर हिंमत आणि स्टँड असेल तर, हेड आणि क्रँकची सिलं गॅरेजात.

आणि एक विनंती, जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींना. भारतात पांढऱ्या ॲस्बेस्टॉसच्या वापरावर अजून सरसकट बंदी नाही, आणि जुन्या इंजिनांत ते असतंच. पद्मिनी, अँबॅसॅडर, जुनी जीप उघडलीत आणि राखाडी, तंतूंचं पॅकिंग निघालं, तर ते कोरडं खरवडू नका, ड्रिलला तारेचा ब्रश लावू नका, हवेने फुंकू नका. साबणाच्या पाण्याने भिजवा, ओलं असतानाच सोला, पिशवीत बांधा आणि मुलांना त्या दिवशी अंगणात येऊ देऊ नका. नवं घेताना पाकिटावर ‘नॉन-ॲस्बेस्टॉस’ लिहिलंय का ते दुकानदाराला विचारा, आणि लिहिलेलं नसेल तर दुसऱ्या दुकानात जा.